हसीनाबीचे कोंबडे

आमच्या मंगरूळपिरात तेव्हा टेलिफोन दोनच. एक पोस्टात आणि एक तहसिलीत. तिसरा हसीनाबीच्या कानाला. तो पिवळा असे, लवदार असे आणि चिवचिवत असे.

कोंबडीचं पिलू ती मुठीत धरायची, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायची आणि पलीकडून तहसीलदार बोलत असल्यासारखी "हं... हं... बरं" करायची. मग डोळे उघडून निकाल द्यायची. "कोंबडी हाय." किंवा नुसतंच, "कोंबडा." पिलू काय म्हणालं, असं कोणी विचारलं तर तिला राग येई. "त्याचं खाजगी हाय," म्हणे.

निकाल किती वेळा बरोबर निघे? मी मास्तरीण; हिशेब करायची खोड हाडातच आहे. निम्म्या वेळा. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच निघालं असतं, आणि नाण्याला चहा पाजावा लागला नसता.

हसीनाबी जातीनं मनियार. धंदा बांगड्यांचा. आमची बौद्ध वस्ती जिथं संपते आणि मनियारांचा मोहल्ला जिथं सुरू होतो, तिथं छातीएवढी एक मातीची भिंत होती. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे ती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. डोक्यावर टोपली घेऊन ती सकाळी निघे, गल्लीगल्लीतून बायकांच्या हातात बांगड्या भरे, माल संपला की एसटीनं कारंज्याला जाऊन नवा आणी. सारी वस्ती तिला खाला म्हणे, मीही म्हणे.

बांगड्या भरताना तिचं तोंड अखंड चालू. अनसिंगच्या कोणत्या लग्नात नवरदेवाचा जोडा बदलला, कंडक्टरनं तिच्या टोपलीचं तिकीट कसं मागितलं आणि तिनं त्याच्या बायकोच्या हाताचं माप सांगून त्याला कसं गप्प केलं. बोलता बोलता ती तुमचा अंगठा आत दाबे, बोटं एकत्र चेपे, आणि "मग पुढं काय झालं?" असं तुम्ही विचारेपर्यंत बांगडी मनगटावर उतरलेली असे.

"आवळलेल्या हाताले बांगडी चढत नाई, बाई," ती मला सांगे. "फुटते, नाईतं लागते. बाईले बोलत ठेवा लागते. हात इसरला पाह्यजे, का तो हात हाय."

आता कोंबड्यांचा आणि बांगड्यांचा काय संबंध, ते सांगते. आमच्याकडे कोंबड्या बटईनं देतात. माझ्याकडे अंडी उबवायला बसलेली खुडूक कोंबडी आहे, पण मला शाळा आहे. तुमच्याकडे वेळ आहे, कोंबडी नाही. मग कोंबडी माझी, राखण तुमची, आणि पिलं निम्मी निम्मी. वाटणी लवकर करतात, पिलं आईच्या पंखाखालून बाहेर पडायला लागली की लगेच. उशीर केला तर घार माझं पिलू घेऊन गेली की तुमचं, यावरून दोन घरांचं बोलणं तुटतं. पण एवढ्याशा पिलांत कोंबडी कोणती आणि कोंबडा कोणता हे कळणार कसं? आणि सगळं तर त्यावरच. कोंबडी अंडी देते. कोंबडा फक्त मत देतो.

उपाय सगळ्यांकडे होते. कोणी म्हणे, अंडं टोकदार असलं की कोंबडा. कोणी पिलू पायाला धरून उलटं लटकवी. मान वर केली तर कोंबडी, लोंबकळत राहिलं तर कोंबडा. आमच्या घरच्यांचं, म्हणजे नवऱ्याचं, मत असं की जास्त ओरडतं ती कोंबडी. हे मत त्यांनी माझ्यासमोर एकदाच मांडलं.

हसीनाबी या सगळ्यांना हसे. पंचायत समितीत एकदा कोंबड्यांचे एक साहेब पांढऱ्या विलायती पिलांची पेटी घेऊन आले होते. त्यांनी बायकांना जमवून एक पिलू उलटं केलं, शेपटीखाली अंगठ्यानं हलकेच दाबलं, बारीक नजरेनं पाहिलं आणि सांगितलं, नर. हसीनाबीनं पदर तोंडावर ओढला. घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही, आणि आल्यावर बोलायची थांबली नाही. इतक्याशा लेकराला कोणी भरसभेत उलटं करून पाहतं का, याच्या आईबापानं याला काय शिकवलं, वगैरे. पुढं पिलं मोठी झाली आणि साहेबांचे निकाल जवळजवळ सगळे खरे निघाले. मी मुद्दाम तिला सांगितलं.

"त्याचं बरोबर येते," ती म्हणाली. "पन तमीज नाई."

तिच्या या विद्येत आणखी एक विचित्रपणा होता. काही पिलं तिच्याशी बोलतच नसत. बाजारपेठेतल्या धान्याच्या अडत्याची बायको मोठ्या हौसेनं पिलं घेऊन आली, तर हसीनाबीनं एकेक कानाला लावून खाली ठेवलं. "हे मुकं हाय. हेबी मुकंच." ती बिचारी दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तरी पिलं मुकीच. वकिलाच्या घरची मुकी. माझीही बहुतेक मुकीच निघत. मी म्हटलं, शाळेच्या घरची पिलं, न विचारता बोलायची नाहीत.

आणि निकाल चुकला तर? इथं बांगड्यांचा संबंध येतो. मनियारांचा एक कायदा आहे. भरताना बांगडी फुटली तर नुकसान मनियाराचं. हात मागं घेतल्यावर फुटली तर बाईचं. हसीनाबीनं हा कायदा उचलून कोंबड्यांना लावला होता. "पिलू माह्या जबानीवर गेलं. जबान फुटली, तं नुकसान माह्या घरचं." म्हणजे तिनं कोंबडी सांगितली आणि चार महिन्यांनी ती कोंबडी भिंतीवर चढून आरवली, की हसीनाबी तो कोंबडा परत घेणार आणि स्वतःच्या अंगणातली मोठी कोंबडी देणार. आजउद्या अंड्यावर येईल अशी तलंग, नाहीतर चालू अंड्याची. पिलू नव्हे.

परिणाम असा की साऱ्या वस्तीतल्या चुका तिच्या अंगणात गोळा होऊन आरवत. लाल, काळे, सोनेरी, एक लंगडा, एक मान नसल्यासारखा. तांबडं फुटायच्या कितीतरी आधी सुरुवात होई. एकानं हाक दिली की दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, आणि दुसऱ्याचं उत्तर तिसऱ्याला पटायचं नाही. तेव्हा रेशनवर ती लाल मिलो ज्वारी मिळे. आम्ही ती खात होतो आणि कोंबड्यांनाही टाकत होतो. तक्रार फक्त कोंबडे करत.

मी तिला सांगून पाहिलं, खाला, दर्ग्याला नवसाचे लोक येतात, चांगला कोंबडा शोधत असतात, देऊन टाक. आमच्या घरच्यांनी तर गिऱ्हाईक दारात आणून उभं केलं. तिनं त्याला पाणी पाजलं आणि वाटेला लावलं. "नाव ठेवलेलं कोनी कापते का, बाप्पा?"

कारण तिनं प्रत्येकाचं नाव ठेवलं होतं. ज्या बाईच्या घरून तो आला, तिचं. कोंबड्यांची नावं रुक्माबाई, सकीना, गंगूबाई. जिनिंगमध्ये सरकी झाडायला जाणारी रुक्माबाई एकदा भिंतीजवळून चालली होती, तर आतून आवाज आला, "रुक्माबाई, उतर खाली, नाईतं तंगडी तोडतो!" ती जागच्या जागी थिजली. नंतर सवय झाली. पुढं पुढं तर बायका येता-जाता स्वतःची चौकशी करत. "खाला, मी कशी हाय?" "माजली हायस. काल सकीनाले चोची मारल्या."

आता वच्छला. माझ्या घरापासून चौथं घर तिच्या भावाचं. नवऱ्यानं दुसरी आणली, म्हणून ही पत्र्याची पेटी घेऊन कारंज्याकडून एसटीनं परत आली. वय विशी-बाविशीचं. भावजय वाईट नव्हती, पण भाकरी थापताना बोलायची, आणि थापण्यापेक्षा बोलणं जोरात असायचं. जिनिंगच्या मागं एका म्हातारीची खोली रिकामी होती. दसऱ्यापर्यंत मी कोणाला देत नाही, असं म्हातारीनं वच्छलेला सांगितलं होतं. वच्छलेनं ठरवलं, अंडी विकायची, खोली घ्यायची, आणि पुन्हा कोणाच्या चुलीकडं बघायचं नाही.

मुलगी चांगली, पण ताठ. मी एक जुनं लुगडं दिलं तर तिनं माझं अंगण सारवून दिलं, मी नको म्हणत असताना. हसीनाबीनं ईदेला शीरखुर्म्याचा वाडगा पाठवला. सगळ्यांकडे जातो तसा. दुसऱ्या दिवशी वच्छला तो वाडगा ज्वारीनं भरून घेऊन आली. भावाच्या घरची ज्वारी, त्यावरून भावजयीचं किती ऐकलं असेल ते तिलाच ठाऊक. "मले कोनाचं फुकट नको, खाला," म्हणाली. हसीनाबीनं ज्वारी घेतली. त्या दिवशी तिनं कोणत्याच कोंबड्याला हाक मारली नाही.

फाल्गुनात माझी एक कोंबडी खुडूक बसली. वच्छलेनं ती बटईनं मागितली आणि मी दिली. पिलं दहा निघाली आणि दहाही जगली, वच्छला डोळ्यांत तेल घालून राखत होती. वाटणीच्या दिवशी हसीनाबी आली, मध्ये बसली, चहा घेतला आणि टेलिफोन सुरू झाले. त्या दिवशी एकही पिलू मुकं निघालं नाही. दोघींच्या वाट्याला सारखंच, प्रत्येकी तीन कोंबड्या आणि दोन कोंबडे.

एका पिलाच्या तुऱ्याला मात्र चांगली लाली दिसत होती. एवढ्या लवकर लाल तुरा म्हणजे कोंबडा, हे आमच्या घरच्यांनासुद्धा कळलं असतं. हसीनाबीनं ते कानाला लावलं, जरा जास्तच वेळ ऐकलं आणि वच्छलेच्या बाजूला ठेवलं. "कोंबडी."

"खाला, तुरा पाह्य त्याचा," मी म्हटलं.

"गरमी हाय त्याले."

चुकलं तर नुकसान तिचं, असा मी सरळ विचार केला.

आषाढात वच्छलेची पहिली कोंबडी आरवली. तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती हसीनाबीकडे नाही गेली, घाईघाईनं माझ्याकडे आली, कारण कायदा असला तरी मागायला जायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण भिंतीपलीकडे सगळं ऐकू जात असे. हसीनाबी स्वतःच एक तलंग काखेत घेऊन आली, कोंबडा उचलला आणि "वच्छला, चाल घरी" म्हणून त्याला घेऊन गेली. आठवड्याच्या आत दुसरा आरवला, तो त्या लाल तुऱ्याचा. दुसरी कोंबडी गेली, ही तर चालू अंड्याची. वच्छला बाजाराच्या दिवशी टोपलीत भुसा घालून अंडी मांडून बसायला लागली. सांगितल्याप्रमाणे सगळ्या कोंबड्या निघाल्या असत्या, तर त्या अंड्यावर येऊन खोलीचे पैसे जमायला दसरा उलटून गेला असता, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं, आणि मी ते तिथंच ठेवलं. नाण्यालाही कधी कधी सारखा छापाच पडतो.

मग तिसरी आरवली.

तोवर हसीनाबीच्या अंगणात कोंबडी एकच उरली होती, चितकबरी. ही तिची लाडकी. बांगड्यांच्या रिकाम्या टोपलीत झोपायची, आणि बहुतेक रोज तिचं अंडं हे हसीनाबीचं रात्रीचं कालवण. वच्छला कोंबडा घेऊन आली ती हेच सांगायला, की खाला, दोन बदलून देल्ल्या, लई झालं, हा मी बाजारात विकतो. तिला चितकबरी शेवटची आहे हे माहीत नव्हतं. बाकीच्या मागं कुठं चरत असतील, असं तिला वाटलं. मला माहीत होतं. मी भिंतीशी कपडे वाळत घालत होते.

हसीनाबीला भयंकर राग आला. "बजारात जाऊन सांगतं का, का हसीनाबीची जबान खोटी हाय? चाळीस वर्षं झाली मले बांगड्या भरता. फुटकी बांगडी मी कोनाच्या हातात ठेवली नाई." आणि चितकबरी वच्छलेच्या हातात देऊन तिनं दार लावून घेतलं.

संध्याकाळी ती कोंबड्यांना डाल्याखाली घेत होती. एकेकाला नावानं हाक. रुक्माबाई. सकीना. गंगूबाई. तान्ही. शेवंता. वच्छला, वच्छला, वच्छला. माझं आयुष्य हजेरी घेण्यात गेलं. हजेरीत कोण आहे यापेक्षा कोण नाही ते मला आधी कळतं. त्यात अडत्याची बायको नव्हती. वकिलीण नव्हती. महिन्याच्या महिन्याला पगार येतो अशा घरातली एकही नव्हती. मुकी पिलं कोणाची होती, ते मी उभ्या उभ्या आठवून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्याकडे बांगड्या भरायला गेले. मला बांगड्यांची गरज नव्हती. खडूनं त्या पांढऱ्या होतात. तिनं माझा हात मांडीवर घेतला. त्या दिवशी बोलणं मीच सुरू केलं.

"खाला, खरं सांग. तुले पिलातलं काई कळते का?"

ती माझी बोटं चेपत राहिली.

"कोनाले कळते?" ती म्हणाली. माझा अंगठा आत दाबत म्हणाली, "वच्छीचा हात लई आवळलेला हाय, बाई."

मी खाली पाहिलं. बांगडी मनगटावर आली होती.

मला डोळे पुसत बसायची सवय नाही. घरी आले, डाळ शिजत लावली आणि विचार केला. माझ्या वाट्याला आलेल्या दोन कोंबड्यांपैकी एक, म्हणजे हसीनाबीनं ज्यांना कोंबडे म्हटलं होतं त्यांतला एक, चांगली गोल, बदामी रंगाची कोंबडी निघाला होता. तिच्या कायद्यात या चुकीची सोय नव्हती. कोंबडीचा कोंबडा झाला तर लोक दारात येतात. कोंबड्याची कोंबडी झाली तर गप बसतात. मी तेवढे दिवस गप बसले होते. ती अंड्यावर आली, तशी मी तिला काखेत मारली आणि भिंतीला वळसा घालून गेले.

"खाला, तुही जबान फुटली," मी म्हटलं. "हा कोंबडा म्हनून देल्ला होता तू मले. हे पाह्य काय निघालं. कायदा म्हंजे कायदा. हे तू ठेव आन् मले एक कोंबडा दे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग कोंबडीकडे. मग पुन्हा माझ्याकडे, जरा जास्त वेळ. उठून तिनं कोंबडी माझ्याकडून घेतली. ती आता मुठीत मावणारी राहिली नव्हती. हसीनाबीनं तिला दोन्ही हातांनी उचललं आणि कानाला लावलं. कोंबडीनं पंख फडफडवले, तिचा पदर डोक्यावरून पाडला, गालावर पाय रोवला. हसीनाबीनं डोळे मिटले. "हं... हं... बरं."

डोळे उघडून तिनं निकाल दिला.

"कोंबडा हाय."

"खाला, काल हिनं अंडं देल्लं."

"देल्लं असन. माही जबान नाई फुटली. कोंबडाच हाय."

मला वाटलं, संपलं. हिचा हात वच्छलेपेक्षा आवळलेला. मी कोंबडी परत घ्यायला हात पुढे केला. पण तिनं ती दिली नाही. पदर सारखा केला, कोंबडीला खाली सोडलं आणि पायानं हलकेच आत ढकललं.

"पन आनलाच हाय, तं राहू द्या," ती म्हणाली. "माह्याइथं कोंबडेच राह्यतात."

दसऱ्याला वच्छला त्या खोलीत राहायला गेली. पत्र्याची पेटी आणि चितकबरीचं डालं भावानं पोचवून दिलं, भावजयीनं भाकरी बांधून दिली आणि बांधताना काही बोलली नाही. पहिल्या दिवशी वच्छलेनं हसीनाबीकडून हिरव्या बांगड्या भरून घेतल्या, रोख पैसे देऊन. एकही फुटली नाही, असं हसीनाबीनं मला दोनदा सांगितलं.

पण ते नंतरचं. मी कोंबडी देऊन आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी होते, तर भिंतीपलीकडून आवाज आला. "मास्तरीनबाई, टोपलीतून उठ आता!" मी दचकून पाटावरून उठले. मग लक्षात आलं.

थोड्या वेळानं भिंतीवरून हसीनाबीचा हात आला. हातात अंडं होतं, अजून कोमट.

"घ्या बाई. तुमच्या कोंबड्यानं देल्लं."

तिच्या घरात त्या दिवशी तेवढं एकच अंडं होतं, हे मला ठाऊक होतं. नको म्हणायला मी तोंड उघडलंही होतं. पण ती आधीच बोलायला लागली होती, सकीनाला रात्री मुंगसानं कसं घाबरवलं, गंगूबाई कशी मध्ये पडली. मी म्हटलं, "मग पुढं काय झालं?" आणि पाहिलं, तर अंडं माझ्या हातात होतं.